संवेग : एका व्याख्येची मर्यादा

मराठींत विज्ञानविषयक लेखन वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु लेखन वाढलें म्हणजे विवेचन शुद्ध झालेंच असें नाहीं. प्रकाशाच्या कणासंबंधीं जें लिहिलें जातें तें वाचून आम्हांस हें वारंवार जाणवतें. दोषाचा उगम एका व्याख्येंत आहे.

वस्तुमान व वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग, ही व्याख्या आपलीं मुलें शाळेंत पाठ करतात. बैलगाडी, चेंडू, मालमोटर यांच्यापुरती ती ठीकच आहे. पुढें तोच विद्यार्थी वाचतो कीं, प्रकाशकणास, म्हणजे फोटॉनास, वस्तुमान नाहीं, तरीहि संवेग आहे. शून्यास कशानेंहि गुणिलें तरी शून्यच, हें त्यास पक्कें ठाऊक असतें. मग एक तर शास्त्रच परस्परविरुद्ध बोलतें असें तो समजतो, किंवा प्रकाशांत कोठें तरी वस्तुमान दडलें आहे अशी समजूत करून घेतो. कित्येक लेखक आइन्स्टाइनच्या प्रसिद्ध समीकरणाचा हवाला देऊन ही दुसरी समजूत दृढच करतात. त्या समीकरणांतील वस्तुमान स्थिर वस्तूचें असतें. प्रकाशकण तर कधींच स्थिर नसतो, हें सांगावयाचें राहून जातें. शब्दहि येथें फसवा आहे. ‘संवेगा’च्या पोटांत ‘वेग’ बसलेला. तेव्हां अधिक संवेग म्हणजे अधिक वेग, असें कानास सहज वाटतें.

वस्तुस्थिति निराळी आहे, आणि ती पाहण्यास दूर जावयास नको. महाळुंगे पडवळ म्हटलें कीं हें हुतात्मा बाबू गेनू यांचें जन्मगांव, अशी आठवण व्हावी हें योग्यच. पण आंबेगांव-जुन्नरच्या त्याच मुलखांत, नारायणगांवानजीक खोडद येथें, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ-दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. तिच्या तबकड्या ३०, व प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. हायड्रोजनापासून निघणाऱ्या २१ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ती टिपते. डोळ्यास दिसणाऱ्या हिरव्या प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा या लहरींच्या एका कणाहून सुमारें पावणेचार लाख पटींनीं अधिक; संवेगहि तितक्याच पटींनीं अधिक; निर्वात अवकाशांतील वेग मात्र दोहोंचा एकच, सेकंदास सुमारें २,९९,७९२ किलोमीटर. प्रकाशकणाच्या ऊर्जेस त्याच्या संवेगानें भागलें असतां भागाकार नेहमीं हाच येतो. ऊर्जा वाढली कीं संवेग त्याच प्रमाणांत वाढतो. वेगास वाढावयास जागाच उरत नाहीं.

पल्सार ताऱ्यांच्या वेधांत लांब लहरी किंचित् मागून येतात, असें कोणी म्हणेल. तो अपवाद नव्हे. ताऱ्यांमधील अवकाश अगदीं रितें नाहीं. तेथील विरळ इलेक्ट्रॉन त्यांस उशीर लावतात.

हा संवेग केवळ कागदावरचाहि नव्हे. १९२३ सालीं कॉम्प्टन यांनीं क्ष-किरणांचें इलेक्ट्रॉनांवरील विखुरणें उलगडून दाखविलें. किरणाचा संवेग धरल्यावांचून त्या टकरीचा जमाखर्च जुळत नाहीं. टकरीनंतर किरणाची ऊर्जा घटते, संवेग घटतो, लहर लांबते. वेग मात्र तसूभरहि कमी होत नाहीं. पुढें २०१० सालीं जपानच्या ‘इकारोस’ यानानें सूर्यप्रकाशाच्या याच रेट्यावर अवकाशांत शीड चालवून दाखविलें.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच कीं, व्याख्या शिकवावी, पण तिची हद्दहि सांगावी. टकरींत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी, परंतु एकूण बेरीज न बदलणारी राशि म्हणजे संवेग, असें आरंभीं सांगावें. आणि वस्तुमान-वेगाचा गुणाकार हा प्रकाशाच्या मानानें मंद चालणाऱ्या वस्तूंपुरता तिचा हिशेब होय, असें पुढें जोडावें. काम दोन ओळींचें आहे. त्या दोन ओळींच्या अभावीं हुशार मुलाचा आपल्या तर्कावरील विश्वास उडतो. आणि वाईट हें कीं, त्याचा तर्क बरोबरच असतो, अपुरी असते ती त्याच्या हातीं दिलेली व्याख्या.