दोघांचा बीएमआय २२.३, मग पुढे काय?

‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आलेला तो फोटो तुम्ही एखाद्या स्लाइडवर नक्की पाहिला असेल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे आहेत. बीएमआय दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांवरून नाव पडलं ‘वाय-वाय पॅराडॉक्स’.

लेख जेमतेम पानभर, पण झकास. माझी तक्रार तो वाचणाऱ्यांबद्दल आहे. ‘भारतीयांमध्ये त्याच बीएमआयला चरबी जास्त’ या वाक्यापुढे हा एकच संदर्भ ठोकून आपण मोकळे होतो. अहो, सॅम्पल दोन माणसांचं आहे! शिवाय लेखकांनीच त्यात लिहून ठेवलंय की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी पळत गाठणं. याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं हेही तिथेच आहे. म्हणजे फरक वंशाचा, व्यायामाचा की गर्भातल्या पोषणाचा, हे फोटो सांगत नाही आणि तसा दावाही करत नाही. बीएमआयच्या मर्यादेची आठवण, एवढंच त्याचं काम. मोठ्या गटांवरचे अभ्यास वेगळे आहेत, ते वाचा आणि तेच द्या.

खरी गडबड पुढे होते. समजा तुम्ही पुणेकर आणि ब्रिटिश गटांतल्या मधुमेहाची तुलना करताय आणि मॉडेलमध्ये बीएमआय टाकलात. वाटतं, लठ्ठपणाचा हिशेब झाला. झाला नाही. समान बीएमआयलाही चरबी वेगळी असेल, तर तो फरक उरलेल्या आकड्यात दडून बसतो. मग चर्चेच्या प्रकरणात आपण त्याला बिनदिक्कत ‘जनुकीय’ म्हणतो! कंबरेचा घेर तरी मोजा. जमलं तर डेक्सा.

आणि ‘आशियाई कट-ऑफ २३’? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे आकडे सुचवले ते सार्वजनिक आरोग्याच्या कृतीसाठी. २५ आणि ३० या मूळ मर्यादा त्यांनी तशाच ठेवल्या. वेगवेगळ्या आशियाई लोकसंख्यांमध्ये धोका २२ ते २५ च्या दरम्यान कुठेही वाढायला लागतो, हेही त्यांनीच म्हटलंय. त्यामुळे ‘आशियाई’ हा गट जीवशास्त्राने आखून दिलेला नाही. तुमच्या मेथडॉलॉजीत २३ लिहिलं असेल, तर तो आकडा कुणासाठी आणि कोणता धोका बघून निवडला, हे पुढच्याच ओळीत यायला हवं. व्हायवात मी तरी हेच विचारीन.