मनीप्लँटच्या बाटलीत काय वळवळते आहे?

मागे एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. 'मनीप्लँट : शुभ आणि शास्त्रीय' असा एक तक्ता तिथे होता व शेजारी काचेच्या बाटलीत वेल लावलेली होती. तक्त्यावर तीन विधाने होती. वेल चोरून आणली तर चांगली वाढते. आग्नेयेला ठेवली तर भरभराट होते. आणि ती भरपूर ऑक्सिजन देते व हवा शुद्ध करते, हे 'नासा'ने सिद्ध केले आहे. सुबक मांडणी पाहून आम्ही तक्त्याला बक्षीस दिले. निघताना एका मुलीने विचारले, "सर, पाण्यात ते काय वळवळतंय?" त्या डासांच्या अळ्या होत्या.

पहिली दोन विधाने श्रद्धेची आहेत, हे मुलांना कळते. तिसरे विज्ञानाचे नाव घेऊन येते, म्हणून ते अधिक कसून तपासायला हवे होते. आपण हिशोब करून पाहू. वेलीला 20 पाने, प्रत्येक पान 100 चौ. सेंमी., म्हणजे एकूण 0.2 चौ. मीटर. दर चौ. मीटरमागे सेकंदाला 5 मायक्रोमोल ऑक्सिजन मिळतो, असे सढळ हाताने धरू. बारा तासांत होतो सुमारे 0.043 मोल, म्हणजे जेमतेम एक लिटर. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 360 लिटर ऑक्सिजन लागतो. शिवाय रात्री वेलही श्वसन करतेच.

नासाचा प्रयोग खोटा नाही. 1989 साली वूल्व्हर्टन व सहकाऱ्यांनी घरगुती झाडे बंद पेटीत ठेवली, तेव्हा बेंझीनसारखी प्रदूषके कमी झाली. पण आपले घर म्हणजे बंद पेटी नव्हे. दारे-खिडक्यांतून हवा सतत बदलते. अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी कमिंग्ज व वॉरिंग यांनी 2019 साली प्रसिद्ध केली. साध्या वायुवीजनाने जेवढी प्रदूषके निघून जातात, तेवढी काढायला दर चौ. मीटर जागेत 10 ते 1000 झाडे लागतील, असे त्यांना आढळले. थोडक्यात, खिडकी उघडावी.

चोरीच्या समजुतीत मात्र शिकवण्याजोगे बरेच आहे. पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरची ही वेल सहसा फुलत नाही, त्यामुळे तिचा प्रसार तुकड्यांनीच होतो. तुकड्याला एक पेर असले की पाण्यात मुळे फुटतात. नुसत्या पानाला मुळे फुटली तरी नवा कोंब येत नाही. चोरीचा तुकडा जगला की त्याची गोष्ट होते. मेला तर चोर गप्प बसतो!

आता काळजीचे. दिशा कोणतीही चालेल, मात्र भरपूर उजेड हवा आणि कडक ऊन नको. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावल्यास तोंडाची आग होते. म्हणून लहान मुले व पाळीव प्राण्यांपासून वेल दूर ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे पाणी. डेंग्यू पसरवणारा एडीस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्याशी अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात व कोरडी राहूनही काही महिने टिकतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही. आठवड्यातून एकदा बाटली आतून ब्रशने घासावी, मुळेही धुवावीत. त्याहून सोपे म्हणजे वेल मातीत लावावी आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

तक्त्यात नेमके हेच नव्हते. शुभ म्हणून घरात आणलेली वस्तू घरात ताप आणू शकते, ही गोष्ट सुटली. आणि ती मुलांच्या आधी आम्हा परीक्षकांच्या नजरेतून सुटली.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच वेलीचे, एकेका पेराचे बारा तुकडे घ्या. सहा मालकाला विचारून, सहा न विचारता (मालकाला नंतर सांगा!). बाटल्यांवर फक्त क्रमांक घाला. मुळे मोजणाऱ्यांना कोणता तुकडा कसा आणला ते कळू देऊ नका. दर आठवड्याला पाणी बदलताना भिंग घेऊन पाण्यातही पाहा. पुढच्या प्रदर्शनात अशी नोंदवही दिसली, तर अक्षर कसेही असो, बक्षीस तिला द्यावे.