खेळाडूंच्या पायाच्या अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया : एक चिकित्सा
रॉबर्ट जोन्स यांनी १९०२ मध्ये नाचताना स्वतःच्या पायास झालेल्या अस्थिभंगाचे वर्णन केले. करंगळीमागील लांब हाडाच्या या भागास रक्तपुरवठा अपुरा असतो. हाड सांधण्यास विलंब होतो. म्हणून खेळाडूंच्या बाबतीत हाडाच्या पोकळीत स्क्रू बसविणे श्रेयस्कर मानले जाते. प्लास्टरपेक्षा पुनरागमन लवकर होते, हे समर्थन ग्राह्यच आहे. तथापि ते अपुरे आहे. हाड पूर्ण सांधण्यापूर्वी मैदानात उतरल्यास स्क्रू असूनही ते पुन्हा मोडू शकते. अंगठ्याच्या दुखापतीमुळे २००१ मध्ये सचिन तेंडुलकर यांनाही श्रीलंकेतील कसोटी मालिकेस मुकावे लागले. नाटेसारख्या गावातील कबड्डीपटूस ही विश्रांती रोजगार बुडवून घ्यावी लागते. सबब, विश्रांतीची तरतूद हा उपचाराचाच भाग मानल्याशिवाय शस्त्रक्रियेचे मूल्यमापन अपूर्ण राहते.