माल्टातील १९८१ ची निवडणूक : एका मतपद्धतीची परीक्षा

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा कैवार घेणारे ग्रंथकार एकल संक्रमणीय मतपद्धतीकडे बहुमताच्या अन्यायावरील हुकमी उपाय म्हणून पाहतात. ह्या श्रद्धेची परीक्षा घ्यावयाची तर माल्टाचे उदाहरण विशेष उद्बोधक ठरेल. ह्या चिमुकल्या द्वीपराष्ट्रात ही पद्धती १९२१ साली प्रथम स्वीकारली गेली. आपल्या राज्यसभेतील राज्यांचे प्रतिनिधीही ह्याच पद्धतीने निवडले जातात. तेव्हा हा प्रश्न आपणांस अगदीच परका नव्हे.

डिसेंबर १९८१ मध्ये तेथे ६५ जागांसाठी निवडणूक झाली. नॅशनॅलिस्ट पक्षास पहिल्या पसंतीची ५०.९ टक्के मते पडली. जागा मात्र ३१ मिळाल्या. मजूर पक्षास ४९.१ टक्के मतांवर ३४ जागा लाभल्या. डॉम मिंटॉफ ह्यांचे सरकार अधिकारावर राहिले आणि विरोधी पक्षाने संसदेवर बहिष्कार घातला.

दोष मतपत्रिकेत नव्हता. तो मतदारसंघांच्या रचनेत होता. मतदारसंघ १३, प्रत्येकाच्या जागा ५. निवडून येण्यास सुमारे एक षष्ठांश मते लागतात. म्हणजे तीन जागांस निम्मी मते पुरतात, परंतु चौथीसाठी दोन तृतीयांश हवीत. ५१ टक्के मते मिळविणारा पक्ष आणि ६० टक्के मिळविणारा पक्ष, दोघांच्याही पदरी सामान्यतः तीनच जागा पडतात. ज्याची मते मोजक्या मतदारसंघांत दाटलेली असतात, त्याचे आधिक्य असे वाया जाते. सीमा कशा आखल्या जातात, ह्या प्रश्नास म्हणूनच निर्णायक महत्त्व येते.

१९८७ च्या घटनादुरुस्तीने, पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते मिळविणाऱ्या पक्षास बहुमतापुरत्या जादा जागा देण्याचे ठरले. त्याच वर्षी मे महिन्यात नॅशनॅलिस्टांस पुन्हा ३१ च जागा मिळाल्या. चार वाढवून त्या ३५ करण्यात आल्या आणि एडी फेनेक अदामी पंतप्रधान झाले. सनदशीर सत्तांतर घडवून आणल्याचे ह्या तरतुदीचे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि पहिली पसंती हेच पक्षाला दिलेले मत मानले, की पुढील पसंतीक्रमांना, म्हणजे ह्या पद्धतीच्या प्राणालाच, गौणत्व येते. १८६१ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने जी कल्पना व्यक्तींची पारख करणाऱ्या मतदारासाठी पुरस्कारिली, तिचे पर्यवसान येथे पक्षांच्या शिरगणतीत झाले. मतपद्धतीचे सूत्र कितीही निर्दोष असो, मतदारसंघाचा आकार आणि सीमा ध्यानी घेतल्यावाचून तिचे मूल्यमापन पुरे होत नाही, हेच ह्यावरून दिसून येते.