थर्मामीटर किती हातांतून गेला?

दलित साहित्याच्या समीक्षेत ‘वेदना’ आणि ‘विद्रोह’ हे दोन शब्द आपण इतके राबवले की त्यांच्याआड तिसरी एक गोष्ट झाकली गेली. ती म्हणजे व्यवहाराची रीत. अन्याय नुसत्या घृणेतून होत नाही. तो पायरीपायरीने, ठरलेल्या शिरस्त्याने केला जातो. आपल्या माणसांनी त्या पायऱ्या लिहून ठेवल्या. समीक्षकांनी मात्र त्यांतला हुंदका तेवढा उचलला.

बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ घ्या. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेल्या मुलांचा प्रवास आमच्या जिल्ह्यात सर्वांना पाठ आहे. पण त्याच लेखनात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. १९२९ साली ते ‘यंग इंडिया’त आले होते. बायको बाळंत होऊन दोनच दिवस झालेले, श्वास लागलेला. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतली तेव्हा तो आला, तेही वस्तीबाहेर. मग बाळंतिणीला तान्ह्या मुलासकट बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. आणि तो त्याच वाटेने परत गेला. दिव्याच्या उजेडात काच पाहून न्यूमोनिया ठरला. पुढे फी देऊनही डॉक्टर फिरकला नाही. बाई गेली.

पत्राच्या शेवटी त्या शिक्षकाचा कंठ दाटतो. पण तोवर त्याने तारीख, फी, जागा, मधले हात, सारे मांडलेले असते. उपचार कुठे अडला हे कुणीही बोट ठेवून दाखवू शकेल. याला मी निव्वळ करुण कहाणी म्हणायला तयार नाही. ही तपासणी आहे, आणि ती रोग्याच्या बाजूने केलेली आहे.

त्याआधी १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीने विचारलेच होते : उघड्यावर बाळंत होणाऱ्या आमच्या बायांना रोग झाला तर वैद्याला द्यायला पैसा कुठला, आणि फुकट औषध देणारा वैद्य तुमच्यात कुणी झाला काय? महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनाशुल्क झाले. तिच्या प्रश्नातल्या पैशाच्या भागाला उत्तर मिळायला एवढी वर्षे लागली. मधल्या हातांचा प्रश्न वेगळाच आहे.

आमच्या खंडाळा तालुक्यातले नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव. ३ जानेवारीला तिथे गर्दी लोटते, भाषणे होतात. १८९७च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेतले आणि डॉ. यशवंतच्या दवाखान्यात पोचवले. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. वक्ते पाठीपाशी येऊन थांबतात, टाळ्या पडतात. मला ती वाट महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी पुण्यात रँडची पथके घरांत घुसून रोगी शोधत होती. सरकारी रीत दारे ठोठावणारी; आणि इकडे एक बाई महारवाडा ते दवाखाना हे अंतर उपचारातच धरते. मध्ये कुणाचा हात नाही.

आता इस्पितळांच्या कारभारातही सुधारणेची भाषा आली आहे. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन इस्पितळाने २००२च्या सुमारास टोयोटा कारखान्याची पद्धत उचलली : रोग्याचे पाऊल न् पाऊल मोजा, त्याच्या उपयोगाची नसलेली पायरी काढून टाका. कल्पना चांगली आहे, हसण्यावारी नेऊ नये. माझा आक्षेप एवढाच की आपल्याकडे हे मोजमाप बहुधा इस्पितळाच्या दारापासून सुरू होते. त्या शिक्षकाच्या बायकोचा वेळ दाराच्या अलीकडेच संपला होता.

माझ्या आईला मी एका दवाखान्यात नेले होते. केसपेपरची रांग, मग रक्तदाबाची, मग डॉक्टरची. तपासणीची खोली वरच्या मजल्यावर, आणि परत येईतो औषधाची खिडकी बंद. आई शाळेत गेलेली नाही. एसटीत बसल्यावर म्हणाली, “सात जणांनी कागुद बघितला रं. माझ्याकडं बघितलं एकानं.”

घरातला पहिला पदवीधर मी. तिथे सगळे अर्ज मीच भरले आणि काही मोजले नाही.

यंदा वर्गात सावित्रीबाईंवर निबंध द्यायचे मी टाळले. मुलांना म्हटले, घरातल्या एका आजाऱ्याची वाट लिहा, उंबऱ्यापासून औषध हातात पडेपर्यंत. खंबाटकीच्या पायथ्याकडच्या एका मुलीने आजीबद्दल दीड पान लिहिले. एकही विशेषण नाही. नुसत्या वेळा, गाड्या, खिडक्या, आणि कोण काय म्हणाले ते. पाचव्या खिडकीपाशी आजीचे आडनाव दोनदा विचारले गेले, एवढे तिने नोंदवले आहे. खाली रेघ मारलेली नाही.