गरिबाचा वकील कोण?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. म्हण खरी असली, तरी ती सर्वांसाठी नाही. ज्याच्या गाठीला चार पैसे आणि पाठीशी चार माणसे आहेत, त्याला पायरी चढावी की चढू नये याचा विचार करता येतो. तो भांडण घरात मिटवितो किंवा थोडे नुकसान सोसून मोकळा होतो. गरिबाला ही मुभा नसते. एक तर पोलीस त्याला त्या पायरीवर नेऊन उभे करतात, नाही तर त्याच्या हक्काचा घास पायरीच्या वरच्या अंगाला असतो आणि ती चढण्याचे बळ त्याच्या पायांत नसते. अशा वेळी त्याच्या बाजूने बोलणारे माणूस कोण?

या प्रश्नाच्या निमित्ताने मराठीतील दोन कलाकृतींकडे पुन्हा वळावेसे वाटले. एक विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक आणि दुसरी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट. दोहोंमध्ये जवळजवळ अर्धशतकाचे अंतर आहे. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद हे गाव आहे. तेथील एखाद्या शेतमजुराने किंवा त्याच्या घरधनिणीने या दोन्ही कलाकृती पाहिल्या, तर त्यांना तेथे आपला वकील सापडेल काय, ही कसोटी मी या लेखापुरती लावली आहे. समीक्षेच्या रूढ कसोट्यांत ती कदाचित बसणार नाही. परंतु न्यायालयाविषयी बोलणाऱ्या कलेला ती लावण्यात अन्याय होईल असे वाटत नाही.

तेंडुलकरांचे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली होती. कथा वाचकांच्या परिचयाची आहे. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करणारी एक हौशी मंडळी एका गावी येते. प्रयोगाला अवकाश असतो, म्हणून वेळ घालविण्यासाठी एक लुटुपुटीचा खटला मांडला जातो आणि शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना आरोपी केले जाते. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ पाहता पाहता खरा होतो आणि बाईंचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडले जाते. स्त्रीची कोंडी आणि मध्यमवर्गीय दांभिकता या अंगांनी या नाटकाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला येथे लक्ष वेधावयाचे आहे ते वकील सुखात्मे यांच्याकडे.

सुखात्मे पेशाने वकील, पण धंदा न चाललेले. या खटल्यात फिर्यादी पक्षाचे वकील तेच आणि आरोपीचे वकीलही तेच. फिर्यादीच्या बाजूने बोलताना त्यांच्या आवाजाला धार चढते. मग ते जागा बदलतात, आवाज पाडतात आणि बचावाचे वकील होतात. त्यांचा बचाव म्हणजे गुन्हा कबूल धरून केलेली दयेची याचना. अशिलाची हकीकत तिच्या तोंडून समजून घ्यावी, असे त्यांना एकदाही वाटत नाही. न्यायाधीश झालेले काशीकर बेणारेला तिचे म्हणणे मांडण्यासाठी दहा सेकंद देतात. तिचे दीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात. न्यायालय ऐकत नाही. आरोपीला वकील मिळालेला आहे, ही नोंद मात्र पूर्ण झालेली असते. तेंडुलकरांनी हे विनोदाच्या अंगाने लिहिले आहे. परंतु नाममात्र वकिलाचे इतके नेमके चित्र मराठीत दुसरीकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

त्या काळी गरिबाला विनामूल्य वकील देण्याची जबाबदारी संविधानाने राज्यावर टाकलेली नव्हती. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘३९ अ’ हा अनुच्छेद आला आणि पैशाअभावी कोणी न्यायाला मुकू नये, हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपील करू इच्छिणाऱ्या गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे. १९८३ साली शीला बर्से यांच्या पत्रावरून मुंबईतील कोठड्यांमधील स्त्रियांचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे गेला आणि अटक होताच विधी सहाय्य समितीला कळविण्याचे बंधन पोलिसांवर आले. पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात विनामूल्य वकील कोणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, स्त्रिया व मुले, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील माणूस, ठरावीक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेला कोणीही. पूर, भूकंप आणि दुष्काळ यांनी नाडलेल्यांचाही त्यात समावेश आहे. १९७२ आणि २०१२-१३ चे दुष्काळ सोसलेल्या जालन्याने हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्त्रीच्या बाबतीत तर उत्पन्नाची अटच नाही.

कायदा इतका पुढे आल्यानंतरचे न्यायालय ताम्हाणे यांच्या चित्रपटात दिसते. सप्टेंबर २०१४ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला गेला आणि तेथे गौरविला गेला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. नारायण कांबळे हे वयोवृद्ध लोकशाहीर (वीरा साथीदार). त्यांचे गाणे ऐकून वासुदेव पवार या गटारसफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यांना अटक होते. बचावाचे वकील विनय व्होरा (विवेक गोंबर) हे सधन घरातले, मानवी हक्कांसाठी झटणारे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) आणि न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) यांपैकी कोणीही खलपुरुषाच्या साच्यातले नाही. सगळे आपापले काम करीत असतात आणि त्या कामाखाली एक म्हातारा दबत जातो.

चित्रपटाची शैली संथ आहे. कॅमेरा एका जागी स्थिर राहतो आणि आपणही त्या न्यायालयाच्या बाकावर बसून पुकाऱ्याची वाट पाहू लागतो. ख्रिस्ती नावाच्या एका बाईची सुनावणी केवळ तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून होत नाही. साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो, न्यायाधीश त्याचे सार इंग्रजीत लघुलेखकाला सांगतात आणि कागदावर उतरते ते तिसरेच काही. हसनाबादकराला याचे नवल वाटणार नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील न्यायालयांची भाषा उर्दू होती. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. तरी कायद्याची भाषा आणि पक्षकाराची भाषा यांच्यामध्ये दुभाष्याची गरज उरतेच, आणि वकील हाच गरिबाचा दुभाषी असतो.

नूतन आपल्या कुटुंबासमवेत नाटकाला जाते तो प्रसंगही लक्षणीय आहे. नाटकात परप्रांतीयांची टर उडविली जाते आणि प्रेक्षागृह खळखळून हसते. हसणाऱ्यांना वाटते, उपरा तो दुसरा कोणी. परंतु ऊसतोडीला कोयता घेऊन बाहेर पडणारे मराठवाड्यातील जोडपे कर्नाटकात गेले की तेही उपरेच ठरते. तेथे त्यांच्यासाठी कोण बोलणार?

व्होरा सुखात्म्यांसारखे नाहीत. ते अभ्यास करून येतात, साक्षीदाराला नेमके प्रश्न विचारतात. जामिनाची एक लाखाची रक्कम कांबळ्यांना झेपत नाही, तेव्हा ती स्वतः भरतात. त्यांच्या चांगुलपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण कांबळ्यांना पुन्हा अटक होते, जामीन नाकारला जातो आणि न्यायालयाला महिनाभराची उन्हाळी सुट्टी लागते. एका माणसाची भलाई व्यवस्थेच्या कुलपाशी येऊन थांबते. चर्चच्या इतिहासात ब्रिटनीचे संत इवो (१२५३–१३०३) यांना गरिबांचे वकील म्हणून मान आहे. विधवा आणि अनाथ यांचे दावे ते मोबदला न घेता चालवीत. अशी माणसे आदरणीयच. परंतु गावोगावच्या गरिबांनी असा एखादा संत भेटेल या आशेवर राहावे, असे कोणी म्हणणार नाही.

आता चित्रपटातील ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळतो. वासुदेव पवारची विधवा शर्मिला (उषा बाणे) साक्षीला येते. तिचे सांगणे थोडके आणि थेट आहे. नवऱ्याला सुरक्षेची साधने मिळत नसत. विषारी वायूने त्याचा एक डोळा गेला होता. गटारात उतरण्यापूर्वी तो खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून तो पिऊन उतरे. या साक्षीने कांबळ्यांवरील आरोप डळमळतो. साक्ष संपते आणि न्यायालयाचे तिच्याशी असलेले काम संपते. व्होरा तिला आपल्या गाडीतून घरापर्यंत सोडतात आणि पैसे देऊ करतात. ती पैसे घेत नाही. काम असेल तर सांगा, म्हणते.

या बाईने नुकतेच न्यायालयात शपथेवर जे सांगितले, ती तिच्या स्वतःच्या दाव्याची संपूर्ण हकीकत होती. ज्या २०१४ साली चित्रपट आला, त्याच वर्षाच्या २७ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, १९९३ पासून गटारसफाई करताना मरण पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई द्यावी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. ती मिळण्यासाठी मृत्यू अपघाती होता हे ठरावे लागते, अर्ज लागतो, कागद लागतात आणि त्या कागदांमागे हिंडणारा जाणकार लागतो. बाराव्या कलमाप्रमाणे शर्मिलाला वकील फुकट मिळू शकत होता. परंतु तिचा दावा चित्रपटात कोठेच उभा राहत नाही. आरोपीला निष्ठावंत वकील आहे, सरकारला वकील आहे. जिचे माणूस गेले तिला कोणी नाही. ती दुसऱ्याच्या खटल्यातील साक्षीदार म्हणून येते आणि तशीच जाते.

हा चित्रपटाचा दोष म्हणावा की गुण? मला तो दोन्ही वाटतो. कॅमेरा तिच्याजवळ थांबतो म्हणून तर तिचे एकाकीपण आपल्याला दिसते. तेवढी दृष्टी आपल्या न्यायालयीन नाटकांत विरळाच. परंतु त्यानंतर चित्रपट न्यायाधीशांच्या सुट्टीमागे जातो आणि व्यवस्थेवरील आरोपपत्र तेथे पुरे करतो. शर्मिलाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्याच्या लेखी शिल्लक राहत नाही. न्यायदानाचे नाट्य आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात दिसते. गरिबाचा रोजचा कायदा मात्र त्या पिंजऱ्याबाहेर घडत असतो.

आपली धोरणेही काहीशी याच वळणाने गेली आहेत. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालये सुरू झाली. तेथील वकील पूर्णवेळ असतात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे, पण ती फौजदारी खटल्यांतील आरोपींसाठी आहे. हसनाबादच्या घरांतील कज्जे वेगळ्या जातीचे असतात. सातबाऱ्यावर वारसनोंद लागत नाही, टाकलेल्या लेकीला पोटगी मिळत नाही, मुकादमाच्या उचलीचा हिशेब जुळत नाही, कामावर मेलेल्या मुलाची भरपाई अडते. परगावी अपघात झाला तरी वारसांना आपल्या राहत्या ठिकाणी दावा लावता यावा, अशी सोय १९२३ च्या भरपाई कायद्यात १९९५ सालच्या दुरुस्तीने झाली. २०२५ साली तो जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. अशी सोय आहे हे घरच्या माणसांना सांगणारेच कोणी नसेल, तर तिचा उपयोग काय?

शिवाय फुकट वकील म्हणजे फुकट न्याय नव्हे. हसनाबादला पोलीस ठाणे आहे. पण न्यायालयासाठी भोकरदन, जिल्हा न्यायालयासाठी जालना आणि उच्च न्यायालयासाठी औरंगाबाद खंडपीठ गाठावे लागते. प्रत्येक तारखेला एक दिवसाची मजुरी बुडते, बसभाडे जाते आणि तारीख पडली की ते सारे पुन्हा. लोकन्यायालयात निकाल लवकर लागतो, न्यायालयीन शुल्क परत मिळते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी आपला हक्क किती, हे सांगणारा सल्लागार शेजारी असणे फार महत्त्वाचे. गरिबाची तडजोड पुष्कळदा समजुतीपेक्षा गरजेपोटी होत असते.

तेंडुलकरांनी आपल्याला नाममात्र वकील दाखविला, ताम्हाणे यांनी सज्जन पण एकटा वकील दाखविला. तिसरा अजून मराठी साहित्यात यावयाचा आहे: तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीच्या यादीवर असलेला, तुटपुंज्या मानधनावर वारसनोंदीचा अर्ज नीट लिहून देणारा किंवा घाईने उरकणारा, अशिलाची बोली समजणारा साधा माणूस. त्याच्या हातून रोज कोणाचे घर सावरते किंवा बुडते. एखाद्या कादंबरीला पुरेल एवढे नाट्य त्याच्या मेजावरील फायलींत आहे. मराठवाड्यातील तरुण लेखकांनी ते हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते.

तोवर वाचकांनी ‘कोर्ट’ अवश्य पाहावा आणि शर्मिला गाडीतून उतरते तेथे क्षणभर थांबावे. आपल्या ओळखीत अशी कोणी असेल, तर तिला सांगावे की तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे, १५१०० या क्रमांकावर विनाशुल्क दूरध्वनी करता येतो आणि वकिलासाठी तिला पैसे मोजावे लागत नाहीत. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर भोकरदनपर्यंत कोणी गेले, तर अधिक बरे. कोर्टाची पायरी एकटीने चढणे फार जड जाते.