राखणदारांचे भय

गुन्हेगार कोण हे एकदा कळले की रहस्यपट पुन्हा पाहण्यात स्वारस्य उरत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. लुचो फुल्ची या इटालियन दिग्दर्शकाचा १९७२ सालचा ‘नॉन सी सेवित्सिया उन पापेरिनो’ हा भयपट त्याला अपवाद ठरतो. ‘बदकाच्या पिल्लाला छळू नये’ असा या शीर्षकाचा अर्थ. ‘पापेरिनो’ हे डोनाल्ड डकचे इटलीतील नाव, आणि त्याचा मुंडके तुटलेला बाहुलाच अखेरीस तपासाचा धागा ठरतो. २०१७ साली ॲरो या ब्रिटिश कंपनीने या चित्रपटाची ब्ल्यू-रे आवृत्ती काढली. घरच्या पडद्यावर तो पुन्हा पाहताना खुन्याचा शोध मागे पडतो आणि मुलांच्या रक्षणाच्या नावाने माणूस कुठवर जाऊ शकतो, हा प्रश्न पुढे येतो.

दक्षिण इटलीतील एका काल्पनिक खेड्यात एकामागून एक मुलगे मारले जातात. संशय माचारा या चेटकीण समजल्या जाणाऱ्या स्त्रीवर येतो. बाहुल्यांना सुया टोचून आपणच मुले मारली, असे तीही मानते. पोलीस तिला निर्दोष ठरवून सोडतात. गावातील पुरुष मात्र तिला स्मशानभूमीत गाठून साखळदंडांनी मारतात. त्या वेळी रेडिओवर ओर्नेला व्हानोनीचे हळुवार प्रेमगीत चालू असते. रक्तबंबाळ माचारा सरपटत महामार्गाच्या कडेला पोहोचते. मोटारी जातात, एकही थांबत नाही. संत लूकच्या दहाव्या अध्यायातील दयाळू शोमरोनी येथे आलाच नाही. फ्लोरिंडा बोल्कान या अभिनेत्रीने ही भूमिका विलक्षण ताकदीने केली आहे.

खरा खुनी निघतो तो गावाचा तरुण धर्मगुरू, दोन आल्बेर्तो. मुलांना फुटबॉल खेळायला बोलावणारा, त्यांच्यावर मनापासून माया करणारा. मुले मोठी होऊन पापात पडण्यापूर्वीच निष्पाप स्थितीत स्वर्गात जावीत, ही त्याची धारणा. पहिल्या वेळी ही उकल धक्का देते. दुसऱ्या वेळी त्याच्या प्रत्येक प्रेमळ शब्दाने अंगावर काटा येतो.

या चित्रपटाला धर्मविरोधी म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आम्हांला तसे वाटत नाही. पापनिवेदनाचा संस्कार देणाऱ्या या माणसाचा क्षमेवरच विश्वास उरलेला नाही. पडलेला माणूस पुन्हा उठू शकतो, हे ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचे मर्मच तो नाकारतो. आणि स्मशानातील पुरुष? तेही मुलांसाठीच मारतात. धर्मगुरू आणि जमाव यांच्या हातून एकाच भयाने रक्त सांडते, ही समांतर रचना फुल्चीचे खरे यश आहे.

दोष आहेतच. एका प्रौढ स्त्रीचे मुलासमोरील नग्न दृश्य असमर्थनीय आहे. शेवटच्या कडेलोटातील रक्तपात ढोबळ व कृत्रिम आहे. हा चित्रपट मुलांसह पाहण्याचा नव्हे.

पण आईवडिलांनी पाहावा, असे आम्ही म्हणू. फुल्चीच्या खेड्यावरून महामार्ग जातो आणि खाली जुने भय जिवंत राहते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात मुंबई व नाशिककडे जाणारे महामार्ग आहेत, कारखाने आहेत, पोटासाठी आलेली अनोळखी माणसे आहेत. आपल्यातील कित्येक कुटुंबेही एके काळी अशीच अनोळखी म्हणून येथे आली. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. तरीही १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्या जमावालाही आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत असे वाटत होते. आपल्या वस्तीत एखादी अफवा येईल त्या दिवशी आपण कोणत्या बाजूला उभे असू, हे हा जुना भयपट विचारतो.